न्यूयॉर्कमध्ये भाड्याचं घर घेताना: ब्रोकर कुणाचा, फी कुणाची, अर्जात काय

न्यूयॉर्क शहरात पहिल्यांदाच घर शोधणाऱ्याला भाड्याचा आकडा निदान ऐकून माहीत असतो. गोंधळ उडतो तो त्याच्यावर चढत जाणाऱ्या रकमांनी. ब्रोकर फी, अर्जाची फी, क्रेडिट तपासणी, डिपॉझिट, 'घर धरून ठेवायला' काही रक्कम, वर तुमच्या भाड्याची हमी देणाऱ्या 'गॅरंटर' कंपनीचे पैसे. यातल्या काही रकमा रास्त आहेत, काहींवर कायद्याने मर्यादा घातली आहे आणि काही तर मागायलाच बंदी आहे. नवख्या माणसाकडून मात्र सगळ्या एकाच सुरात मागितल्या जातात, आणि तेही 'आज दुपारपर्यंत पाठवा, मागे अजून चार जण थांबलेत' अशा घाईत.

नोकरी किंवा शिक्षणासाठी इथे येणाऱ्या आणि अमेरिकेत अजून क्रेडिटचा (उधारी वेळेवर फेडल्याचा) इतिहास नसलेल्या मंडळींसाठी हे टिपण आहे. नियम शहराच्या पाचही भागांना लागू आहेत: मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड. हडसन नदी ओलांडून जर्सी सिटीत राहायचं असेल तर ते न्यू जर्सी हे वेगळं राज्य आहे, त्याबद्दल पुढे थोडं येईल.

पैशाची कुठलीही मागणी समोर आली की तीन प्रश्न विचारायचे. हे पैसे नक्की कशाचे? मागणारा कुणासाठी काम करतो? आणि हे लिहून देणार का?

पहिली पायरी: ब्रोकर कुणाचा माणूस, ते ओळखा

न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं विचित्र पद्धत होती. घरमालक ब्रोकर नेमायचा, ब्रोकर मालकासाठी भाडेकरू शोधायचा आणि त्याची फी भाडेकरू भरायचा. ही फी एक महिन्याच्या भाड्याइतकी किंवा वर्षाच्या भाड्याच्या १२ ते १५ टक्के असायची. महिन्याला ३,००० डॉलर भाडं धरलं तर वर्षाचे ३६,००० आणि त्याचे १५ टक्के म्हणजे ५,४०० डॉलर. पहिलं भाडं आणि डिपॉझिट मिळवलं की दारात पाऊल टाकण्याआधी ११,४०० डॉलर मोजावे लागायचे. ज्या ब्रोकरला आपण बोलावलंही नाही त्याच्यासाठी आपली ही पदरमोड.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी शहराच्या कौन्सिलने 'फेअरनेस इन अपार्टमेंट रेंटल एक्स्पेन्सेस' नावाचा कायदा ४२ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केला. सगळे त्याला 'फेअर ॲक्ट' म्हणतात. ब्रोकरांच्या संघटनेने तो कोर्टात अडवायचा प्रयत्न केला, पण ११ जून २०२५ पासून तो लागू झाला. तत्त्व सोपं आहे: ज्याने ब्रोकर नेमला त्याने फी द्यायची.

यातली सगळ्यात कामाची तरतूद अशी की, मालकाच्या परवानगीने ज्या ब्रोकरने घराची जाहिरात टाकली तो मालकाचाच ब्रोकर मानला जातो. म्हणजे स्ट्रीटइझीसारख्या साइटवर तुम्ही घर पाहिलं, खालच्या नावाला संदेश पाठवला आणि त्याच माणसाने येऊन घर दाखवलं, तर तो तुमचा ब्रोकर नाही. त्या घरासाठी त्याला तुमच्याकडून फी घेता येत नाही. 'मी तुमच्यासाठी एवढी धावपळ केली' या वाक्याने त्यात काही बदलत नाही. 'घर हवं असेल तर आधी अमुक ब्रोकर नेमा' अशी अट मालकालाही घालता येत नाही.

कायद्यामुळे फी हवेत विरली असं मात्र समजू नका. काही मालकांनी ती भाड्यात मिसळली. समजा त्यासाठी भाडं महिन्याला २०० डॉलरनी वाढवलं, तर ५,४०० डॉलर वसूल व्हायला २७ महिने लागतात. वर्षा-दोन वर्षांत घर सोडणाऱ्याला हा सौदा परवडतो. एकाच घरात पाच वर्षं काढणाऱ्याला तो महाग पडू शकतो, कारण दर नूतनीकरणाची वाढ त्या फुगलेल्या भाड्यावर बसते. तरीही नुकत्याच उतरलेल्या माणसाच्या हातात रोख कमी असते. पहिल्याच आठवड्यात ५,४०० डॉलर जाण्यापेक्षा महिन्याला दोनशे गेलेले बरे, असं माझं मत आहे.

दुसरी पायरी: जाहिरात नीट वाचा

भाडेकरूला भरावी लागणारी प्रत्येक फी जाहिरातीत स्पष्ट लिहिणं आता बंधनकारक आहे. शिवाय लीजवर (भाडेकरारावर) सही होण्याआधी सगळ्या रकमांची, प्रत्येक कशासाठी आहे ते सांगणारी लेखी यादी मालकाने द्यायची असते. ही यादी तुम्हीच मागून घ्या. जाहिरातीत नसलेली रक्कम यादीत उगवली तर तिथेच थांबून विचारा.

'नो फी' हे शब्द आता बहुतेक ठिकाणी दिसतील. त्यांचा अर्थ एवढाच की ब्रोकरची फी तुम्ही द्यायची नाही. डिपॉझिट आणि बाकीचे पैसे वेगळे.

नवखी माणसं जास्त फसतात ती 'नेट इफेक्टिव्ह' भाड्यात. जाहिरातीत २,७५० डॉलर लिहिलेले असतात. प्रत्यक्षात लीजवर भाडं ३,००० आहे आणि बारा महिन्यांतला एक महिना फुकट आहे. ३,००० गुणिले ११ म्हणजे ३३,०००, भागिले १२ म्हणजे २,७५०. हिशेब खोटा नाही, पण तुमच्या खात्यातून दर महिन्याला ३,००० जाणार, फक्त एका महिन्यात काही जाणार नाही. पुढच्या वर्षीची वाढ बहुतेकदा ३,००० वर लागते आणि उत्पन्नाची अटही त्याच आकड्यावर मोजली जाऊ शकते. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: लीजवर लिहिलेलं भाडं किती, फुकटचा महिना कितवा आणि लीज बारा महिन्यांची की तेरा? तेरा महिन्यांची असेल तर तोच फुकटचा महिना धरून सरासरी भाडं २,७५० ऐवजी सुमारे २,७६९ वर येतं, आणि पुढच्या वर्षी घर सोडायची तारीखही महिनाभर सरकते.

तिसरी पायरी: भेटीआधी आणि भेटीत

न्यूयॉर्क राज्यात ब्रोकरचं काम परवान्याशिवाय करता येत नाही. हा परवाना राज्याचं 'डिपार्टमेंट ऑफ स्टेट' देतं आणि त्यांच्या साइटवर कुणाचंही नाव घालून परवाना चालू आहे का ते पाहता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, घर बघायला निघण्याआधी उरकून टाका.

तुम्हाला घर दाखवणारी व्यक्ती बहुतेकदा 'सेल्सपर्सन' असते, म्हणजे एखाद्या ब्रोकर फर्मच्या परवान्याखाली काम करणारी. अशा व्यक्तीला मोबदला तिच्या ब्रोकरकडूनच मिळायला हवा, थेट ग्राहकाकडून नाही. त्यामुळे 'फी माझ्या स्वतःच्या झेलवर पाठवा' (झेल म्हणजे Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) असं कुणी म्हणालं तर तो धोक्याचा इशारा समजा. फी खरोखर लागू असली तरी ती फर्मच्या नावानेच जाते, आणि पावतीही फर्मच देते.

बऱ्याच घरांच्या व्यवहारात पहिल्या गंभीर बोलण्याच्या वेळीच ब्रोकरने तुम्हाला एक छापील कागद द्यायचा असतो: तो मालकाचं प्रतिनिधित्व करतोय, तुमचं करतोय की दोघांचं, हे सांगणारा. हा करार नव्हे, माहिती मिळाल्याची नोंद आहे. तरी खूण कुठल्या चौकोनात आहे ते नीट बघा. मालकाच्या चौकोनात खूण असेल तर समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी तो मालकाचं हित पाहणार. 'माझं बजेट ३,२०० पर्यंत ताणता येईल' असं त्याला सांगणं म्हणजे थेट मालकाला सांगणं.

याच कागदांच्या गठ्ठ्यात कधी कधी दुसराच कागद सरकवला जातो, 'मी या ब्रोकरला माझा प्रतिनिधी नेमतो आणि फी देईन' अशा अर्थाचा. ओपन हाउसच्या (ठरल्या वेळी सगळ्यांना घर दाखवतात त्या कार्यक्रमाच्या) दारात, हजेरीची वही भरल्यासारखा, टॅब्लेटवर बोट फिरवून सही घेतली जाते. वाचल्याशिवाय सही करू नका. जाहिरात टाकणाऱ्यानेच त्याच घरासाठी असा कागद पुढे केला तर वरची तरतूद आठवा. तो आधीच मालकाचा माणूस आहे.

स्वतःचा ब्रोकर नेमायचा असेल तर

हे चूक नाही. तुम्ही अजून दुसऱ्या देशात आहात, महिनाभरात यायचंय, घरं बघायला इथे कुणी नाही, तर चांगला ब्रोकर बराच मनस्ताप वाचवतो. फक्त अशा वेळी फी तुमची, म्हणून अटीही तुम्ही ठरवायच्या. करार लेखी हवा. फी किती, टक्क्यांत असेल तर कुठल्या भाड्यावर (लीजवरच्या की नेट इफेक्टिव्ह), ती कधी देय होते, करार किती दिवसांचा, आणि त्या काळात तुम्ही स्वतः घर शोधलं तरी फी लागते का, हे सगळं त्यात यायला हवं. शेवटच्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तोच सगळ्यात महागात पडतो. लीजवर दोघांच्याही सह्या झाल्यावरच फी, ही अट मागून घ्या. अर्ज नामंजूर झाला तर ब्रोकरला काही मिळू नये.

फीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. १५ टक्के हा कुठला सरकारी आकडा नव्हे. घासाघीस होते आणि करावी. थंडीच्या महिन्यांत घरं बघणारे कमी असतात, तेव्हा ब्रोकर जास्त ऐकतो.

चौथी पायरी: अर्जाची फाइल आधीच तयार ठेवा

चांगलं घर इथे दिवसभरही थांबत नाही. म्हणून घर आवडल्यावर कागद गोळा करायला बसलात तर उशीर झालेला असतो. फाइल आधी तयार, घर नंतर.

बहुतेक मालकांचा ठोकताळा असा की वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट हवं. ३,००० भाड्याला १,२०,००० डॉलर. तेवढं नसेल तर गॅरंटर लागतो, आणि त्याचं उत्पन्न सहसा ८० पट मागतात, म्हणजे इथे २,४०,०००. गॅरंटर न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा कनेटिकटमधलाच हवा असं बरेच मालक म्हणतात. भाड्याचे पैसे थकले तर गॅरंटरला ते खरोखर भरावे लागतात, तेव्हा ओळखीतल्या कुणाला नुसती 'एक सही द्या' म्हणून गळ घालण्याआधी त्यांना हे स्पष्ट सांगा. नात्यात कटुता येते ती इथूनच. ४० पट हा कायदा नाही, प्रघात आहे. काही मालक दोघा-तिघा रूममेटांचं उत्पन्न एकत्र धरतात, काही धरत नाहीत. आधी विचारा.

नोकरदाराने ठेवायचे कागद: पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), पगाराचा आकडा लिहिलेलं नोकरीचं पत्र, गेल्या काही पगारांच्या पावत्या, दोन-तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट, आणि इथे एखादं वर्ष काढलं असेल तर डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) व टॅक्स रिटर्न. नुकतेच आला असाल तर पगाराच्या पावत्या नसणारच. अशा वेळी नोकरीच्या पत्राला जास्त वजन येतं, त्यावर रुजू होण्याची तारीख असेल याची खात्री करा. विद्यार्थ्यांनी आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) आणि शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिपचं पत्र जोडावं. आधीच्या घरमालकाचं, भाडं वेळेवर मिळायचं असं सांगणारं दोन ओळींचं पत्र मिळालं तर उत्तम, भारतातल्या मालकाचं असलं तरी चालतं.

फाइल ईमेलने पाठवताना एक पथ्य पाळा: बँकेचा खातेनंबर शेवटचे चार आकडे सोडून झाका. कुणा अनोळखी माणसाला घर बघण्याआधीच पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) पाठवू नका.

सोशल सिक्युरिटी नंबर अजून आला नसेल तर क्रेडिटचा अहवाल कोराच येणार. मालक मग इतर खात्री मागतो, आणि मागणी कशीही वळू शकते. सगळ्यात नेहमीची: 'क्रेडिट नाही ना, मग सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा.' अशी मागणी न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात बसत नाही. २०१९ पासून डिपॉझिट असो की आगाऊ रक्कम, एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. पहिल्या महिन्याचं भाडं आणि एक महिन्याचं डिपॉझिट, बस. 'शेवटच्या महिन्याचं भाडं'ही त्यावर चढवता येत नाही. भारतातून आलेली विद्यार्थी मंडळी आई-वडिलांनी पाठवलेले पैसे अशा मागणीला निमूट देऊन टाकतात, कारण रक्कम हाताशी असते आणि घर हातचं जाण्याची भीती असते. देऊ नका. वर्षभराचे पैसे एखाद्याच्या खात्यात टाकल्यावर हीटर बंद पडला तरी तुमच्या हाती दबावाचं काही उरत नाही.

त्याऐवजी गॅरंटर कंपनीचा मार्ग आहे. इन्शुरंट, द गॅरंटर्स अशा कंपन्या पैसे घेऊन तुमच्यासाठी हमी देतात. त्यांची फी साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या आसपास जाते, अमेरिकी क्रेडिट नसेल तर जास्तही. हे पैसे परत मिळत नाहीत आणि लीज वाढवली की हमीचे पैसे पुन्हा लागू शकतात. म्हणून आधी मालकाला विचारा की तो कुठल्या कंपनीची हमी घेतो, मगच अर्ज करा. सगळ्या इमारती सगळ्या कंपन्या मान्य करत नाहीत.

मालक उत्पन्नाचे पुरावे मागू शकतो. पण तुम्ही कुठल्या देशाचे, तुमचा इमिग्रेशनचा दर्जा काय, यावरून शहराच्या मानवी हक्क कायद्यानुसार घर नाकारता येत नाही. 'आम्ही फक्त ग्रीन कार्डवाल्यांनाच देतो' असं कुणी संदेशात लिहिलं तर तो संदेश जपून ठेवा.

पाचवी पायरी: अर्जासोबत किती पैसे द्यायचे

क्रेडिट आणि पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी जास्तीत जास्त २० डॉलर, किंवा प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असेल तर तेवढाच. पैसे घेतले तर तपासणीच्या अहवालाची प्रत आणि खर्चाची पावती तुम्हाला द्यावी लागते. गेल्या ३० दिवसांत झालेल्या तपासणीचा अहवाल तुम्ही स्वतःच दिलात तर हे २० डॉलरही घेता येत नाहीत. एकाच आठवड्यात पाच-सहा घरांना अर्ज करणाऱ्यासाठी ही सोय बरीच आहे.

त्यापलीकडे मालकाला अर्ज 'तपासण्या'साठी, 'स्वीकारण्या'साठी किंवा भाडेकरार सुरू होताना इतर कुठलीही फी मागता येत नाही. 'ॲडमिन फी', 'प्रोसेसिंग फी', 'मूव्ह-इन फी' अशी नावं बदलून मागितली तरी आत तेच असतं.

'गुड फेथ डिपॉझिट' किंवा 'होल्डिंग डिपॉझिट' हा सगळ्यात धूसर प्रकार. घर बाजारातून काढून ठेवतो म्हणून पाचशे, हजार डॉलर मागतात. माझा सल्ला असा की शक्यतो टाळा. मालक म्हणाला 'तुमचा अर्ज मंजूर', तर पुढची पायरी लीजची असते, आणि पैसे लीजबरोबर द्यावेत. अगदीच द्यावे लागले तर आधी दोन ओळी लेखी घ्या: ही रक्कम पहिल्या भाड्यात किंवा डिपॉझिटमध्ये वळती होईल, आणि अर्ज नामंजूर झाला किंवा मालकाने माघार घेतली तर इतक्या दिवसांत पूर्ण परत मिळेल. फोनवर मिळालेलं आश्वासन म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

को-ऑप आणि काँडो इमारतींचं गणित वेगळं आहे. तिथे घराचा मालक एक आणि इमारतीचं बोर्ड (तिथल्या मालकांनी निवडलेलं मंडळ) दुसरं. बोर्डाची स्वतःची अर्ज-प्रक्रिया असते, फी शेकड्यांत जाऊ शकते, उत्तराला कधी कधी महिना लागतो आणि बोर्ड नकारही देऊ शकतं. विमानाचं तिकीट काढलेल्या माणसाने अशा घराच्या मागे लागण्याआधी विचार करावा. लागायचंच असेल तर बोर्डाच्या सगळ्या रकमांची यादी आणि नामंजुरी झाली तर त्यातलं काय परत मिळतं, हे आधी लेखी मागा.

सहावी पायरी: पैसे देण्याआधीची पडताळणी

घर आतून पाहिल्याशिवाय, तुम्ही किंवा तुमच्या विश्वासातल्या कुणी, एक डॉलरही पाठवू नका. मालक 'परदेशात आहे', किल्ली कुरिअरने येणार, भाडं आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी आणि पैसे झेल, वायर किंवा गिफ्ट कार्डने हवेत, ही जुनीच चाल आहे आणि अजून चालते. झेलने गेलेले पैसे परत आणणं फार अवघड असतं.

घर खरोखर कुणाच्या मालकीचं आहे ते शहराच्या 'ॲक्रिस' या नोंदींच्या साइटवर फुकट बघता येतं. स्टेटन आयलंडच्या नोंदी मात्र तिथल्या काउंटी क्लर्ककडे असतात. मालकाच्या जागी बहुतेकदा एखाद्या एलएलसी कंपनीचं नाव दिसेल, त्यात वावगं काही नाही. लीजवरचं नाव, चेक ज्याच्या नावाने द्यायचा ते नाव आणि नोंदीतलं नाव यांचा मेळ बसतो का एवढं बघा. न बसल्यास विचारा, व्यवस्थापन कंपनी असेल तर तिचं पत्र मागा. शहराच्या गृहनिर्माण विभागाच्या 'एचपीडी ऑनलाइन'वर इमारतीच्या तक्रारी दिसतात: गरम पाणी, उंदीर, हीटर. दहा मिनिटं तिथे घालवली की ब्रोकरने न सांगितलेलं बरंच कळतं.

इमारत १९७४ पूर्वीची असेल आणि तिच्यात सहा किंवा जास्त घरं असतील तर ते घर 'रेंट स्टॅबिलाइज्ड' असण्याची शक्यता असते. तशा घराची दरवर्षीची वाढ शहराचं रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं आणि लीज नूतनीकरणाचा हक्क मिळतो. असं घर मिळालं तर थोडी गैरसोय सोसूनही घ्यावं असं मी म्हणेन. राहायला गेल्यावर राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून त्या घराच्या भाड्याचा इतिहास मागवता येतो.

सातवी पायरी: लीज

लीज लांबलचक असते आणि बरीचशी छापील असते. सगळी वाचा, पण काही कलमांवर डोळा ठेवा.

उशिराचा दंड: भाडं पाच दिवसांहून जास्त थकल्यावरच लावता येतो, आणि तोही ५० डॉलर किंवा भाड्याच्या ५ टक्के, यातला जो कमी असेल तो. लीजमध्ये १०० डॉलर लिहिले असतील तर तिथेच दाखवून दुरुस्त करून घ्या.

मुदतीआधी घर सोडलं तर काय? एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने हे कलम दोनदा वाचावं, नोकरी गेली तर देशच सोडावा लागू शकतो. कायद्याने मालकाला नवा भाडेकरू शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करावा लागतो, तुमच्याकडून उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं आपसूक वसूल करता येत नाही. तरीही साठ दिवसांची सूचना आणि ठरावीक रक्कम देऊन बाहेर पडता येईल असं कलम लिहून मिळालं तर उत्तम. चार किंवा अधिक घरांच्या इमारतीत घर पोटभाड्याने देण्यासाठी मालकाची परवानगी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि ती विनाकारण नाकारता येत नाही.

भाडेवाढ: वाढ ५ टक्के किंवा जास्त असेल तर आधी लेखी सूचना लागते, वर्षाहून कमी राहिला असाल तर ३० दिवसांची, एक ते दोन वर्षं राहिला असाल तर ६० आणि त्याहून जास्त असाल तर ९० दिवसांची.

डिपॉझिटचा चेक भाड्याच्या चेकपेक्षा वेगळा द्या, म्हणजे हिशेब स्वच्छ राहतो. किल्ली हातात पडल्या दिवशी, सामान आत आणण्याआधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, खिडकीची काच, फ्रिजचं आतलं, बाथरूमची गळती. घर सोडल्यावर १४ दिवसांत मालकाने डिपॉझिट परत करायचं असतं आणि कापलं असेल तर कशासाठी किती ते लिहून द्यायचं असतं. चौदा दिवसांत असं लेखी दिलं नाही तर कापून घ्यायचा हक्क जातो. घर सोडण्याआधी मालकासोबत पाहणी करण्याचा हक्कही तुम्हाला आहे, तो वापरा.

हडसनपलीकडे

भाडं झेपेना म्हणून आपली बरीच माणसं जर्सी सिटीला किंवा एडिसनला राहतात. तिथे फेअर ॲक्ट लागू नाही, तो फक्त न्यूयॉर्क शहराचा आहे. तिथे मालकाच्या ब्रोकरची फी भाडेकरूकडून मागितली जाऊ शकते, म्हणून पहिल्याच संदेशात विचारा. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत घेता येतं आणि ते परत करायला मालकाला ३० दिवस असतात. न्यूयॉर्कचे आकडे सांगून तिथे वाद घालू नका.

पैसे गेलेच तर

बेकायदेशीर ब्रोकर फी मागितली किंवा घेतली असेल तर शहराच्या ३११ या मदत क्रमांकावर तक्रार करा, ती ग्राहक आणि कामगार संरक्षण विभागाकडे जाते. नियम मोडणाऱ्याला २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि भाडेकरू स्वतःही दावा लावू शकतो. परवानाधारक ब्रोकरची तक्रार डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडेही करता येते, आणि परवाना धोक्यात आला की फी परत करण्याची बुद्धी पुष्कळांना सुचते. डिपॉझिटसाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलचं कार्यालय आहे. १०,००० डॉलरपर्यंतच्या दाव्याला स्मॉल क्लेम्स कोर्टात वकील लागत नाही, आणि मालकाने जाणूनबुजून डिपॉझिट अडवलं असं ठरलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा रक्कमही मिळू शकते.

तक्रारीला लागतो तो पुरावा: जाहिरातीचा स्क्रीनशॉट (घर गेलं की जाहिरात उतरते, म्हणून पहिल्याच दिवशी काढून ठेवा), ब्रोकरचे संदेश, फीची यादी, पावत्या आणि बँकेची नोंद. फोनवर काही ठरलं तर लगेच 'आपलं आत्ता असं असं ठरलं' म्हणून ईमेल टाका. समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी तारीख नोंदलेली राहते.